तीन शेपट्यांचं विमान

जुनी मोटार शोधली तर सापडते, जुनं प्रवासी विमान सापडत नाही. मोटार कुणाच्या तरी वाड्यात ताडपत्रीखाली वीस-तीस वर्षं पडून राहू शकते. घरातलं एखादं माणूस तिला भंगारात देऊ देत नाही, एवढं पुरतं. विमानाला वाडा नसतो. ज्या दिवशी त्याचं उडणं थांबतं, त्या दिवसापासून ते जागा अडवणारं ॲल्युमिनियम असतं, आणि ॲल्युमिनियमचा भाव रोज ठरतो.

हे मला सुचलं ते आमच्या भिवंडीतल्या एका कारखानदारामुळे. कारखानदार म्हणजे पावरलूमवाले. त्यांच्या वालिदसाहेबांची १९५८ ची फियाट ११०० त्यांनी दोन वर्षं खर्च करून चालू केली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असणारी ती गाडी. मुंबईत हिला 'डुक्कर फियाट' म्हणत, कारण पुढचा भाग तसा फुगीर आणि नाकाड आहे. त्यांच्या घरात अर्थातच हे नाव कुणी कधी घेतलं नाही. 'बड्डी' म्हणत.

एके संध्याकाळी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, बड्डीचा एक फोटो काढायचाय. मागं विमान पाहिजे. पण आजचं नको, तिच्या वयाचं पाहिजे. अब्बा सांगायचे, सांताक्रूझला मामूंना नैरोबीच्या विमानाला सोडायला याच गाडीतनं गेले होते आणि त्या विमानाला तीन शेपट्या होत्या. तीन शेपट्यांचं विमान असतं का हो? की म्हातारपणी काहीतरी सांगायचे?"

मी म्हटलं, "भाई, असतं. तुमचे अब्बा बरोबर सांगत होते."

शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विमानं नाही. पण इतिहास वाचायची सवय आहे, आणि तीन शेपट्या ही खूण इतकी पक्की आहे की तिच्या आधारानं सालसुद्धा काढता येतं. वेगानं जाणारं, लांब पल्ल्याचं, मुंबईहून नैरोबीला जाणारं आणि तीन उभ्या शेपट्या असणारं विमान एकच: लॉकहीड कंपनीचं कॉन्स्टेलेशन, किंवा त्याचंच लांब केलेलं भावंड सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाची नैरोबीची सेवा १९५० च्या जानेवारीत सुरू झाली. १९६२ च्या मध्यापर्यंत एअर इंडियानं पंख्याची सगळी विमानं काढून टाकून फक्त जेट विमानं ठेवली. गाडी १९५८ ची, यांच्या वालिदांनी ती सेकंडहँड घेतली १९६० मध्ये. म्हणजे मामूंचा प्रवास १९६० ते १९६२ या दोन वर्षांतला. घरात कुणालाही हे साल माहीत नव्हतं. शेपट्यांनी सांगितलं.

आता प्रश्न राहिला तो विमान कुठे मिळेल याचा. त्याआधी थोडं मागं जावं लागेल, कारण आपल्याकडे विमान आणि मोटार या दोन गोष्टी वेगळ्या घरांतून आलेल्या नाहीत.

१९२९ च्या अखेरीला आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्यानं विमान चालवत जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंड. इस्माइली जमातीचे इमाम, मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष आणि घोड्यांचे शौकीन म्हणून ते आपल्याला माहीत असतात. या बक्षिसाचा उल्लेख मात्र आपल्या लिखाणात फारसा येत नाही. १९३० मध्ये तीन तरुण निघाले. मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा आणि कराचीत वाढलेला सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे चालले होते, अस्पी इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडून पडलं होतं. जेआरडींनी स्वतःजवळचे प्लग त्याला दिले. बक्षीस अस्पीला मिळालं. या अस्पीचं नाव लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. विमान पुस मॉथ, एका इंजिनाचं, दोन-तीन माणसांपुरतं. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. जुहूचं विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जमीन आणि झावळ्यांनी शाकारलेली खोप. पावसाळ्यात तिथं पाणी भरायचं, म्हणून त्या महिन्यांत विमानसेवा पुण्याला हलवावी लागायची. जुहूहून पुढं तेच विमान नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. त्या काळातले फोटो पाहिले की विमानाशेजारी एक मोटार उभी असतेच. ती शोभेसाठी नसायची. टपाल आणायला, वैमानिकाला न्यायला दुसरं साधन नव्हतं. आज लोक हौसेनं जुन्या मोटारी जुन्या विमानांजवळ उभ्या करून फोटो काढतात, त्या फोटोची मूळ प्रत ही अशी कामातली आहे.

आणखी एक नाव इथं घेतो, आमच्या उर्दूवाल्यांसाठी. हिजाब इम्तियाज अली. उर्दूतल्या कथालेखिका, 'अनारकली' नाटकाचे लेखक इम्तियाज अली 'ताज' यांच्या पत्नी. १९३६ मध्ये लाहोरला त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. नाव हिजाब आणि काम विमान उडवण्याचं. मुलींच्या वर्गात मी हे सांगतो तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोन-तीन मुली वहीत लिहून घेतात, न सांगता.

मोटार आणि विमान एकाच घरातून आले असं म्हटलं, ते घर सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं. जन्म १८८२. बोटी, साखर, बांधकाम, सगळ्यांत हात. १९३९ मध्ये अमेरिकेतून परत येताना पॅन अमेरिकनच्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा एक अमेरिकन भेटला. पॉली चीनला विमानं पुरवायच्या धंद्यात होता. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला, म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत, हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. आजची एचएएल ती हीच. युद्ध सुरू होतं, सरकारला कारखाना हातात हवा होता. पुढच्या दोनेक वर्षांत तो वालचंदांच्या हातून गेला. मग १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ, नंतर इटलीच्या फियाट. आमच्या कारखानदारांची बड्डी कुर्ल्याची.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची डाकोटा विमानं इथं स्वस्तात विकायला निघाली. बंगळूरच्या कारखान्यात त्यांच्या पोटातले लोखंडी बाक काढून प्रवाशांच्या खुर्च्या बसवल्या गेल्या, आणि ज्याच्याजवळ थोडं भांडवल होतं तो विमान कंपनी काढू लागला. यात मुसलमानांचं भांडवलही होतं. कलकत्त्याला १९४६ मध्ये इस्फहानी आणि आदमजी यांनी ओरिएंट एअरवेज काढली. ती फाळणीनंतर तिकडे गेली आणि १९५५ मध्ये पीआयएत विरघळली. हैदराबादला निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज होती, तळ बेगमपेठ. १ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा तीही इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. दोन्ही कंपन्यांकडे विमान एकच, डाकोटा. फाळणीत कंपनी या बाजूची की त्या बाजूची ते ठरलं, विमानं मात्र एकाच कारखान्यातली राहिली.

डाकोटांचा या भागातला सगळ्यात देखणा तमाशा नागपूरला व्हायचा. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावच्या विमानतळावर जमत. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, प्रवासीही विमान बदलत, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत रात्री टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्याला. १९७३ पर्यंत हे चाललं. चार दिशांची चार विमानं, मध्यरात्र, पिशव्या वाहणारी माणसं, बाहेर उभ्या टॅक्सी आणि खात्याच्या व्हॅन. जुन्या विमानांचा आणि जुन्या मोटारींचा एकत्र फोटो महाराष्ट्रात काढायचाच होता, तर त्याची जागा आणि वेळ ही होती. ती गेली.

आता मुख्य विमानाकडे येतो.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. पस्तीस प्रवासी. विमान कॉन्स्टेलेशन. त्याच ताफ्यात 'मोगल प्रिन्सेस' होती, 'राजपूत प्रिन्सेस', 'मराठा प्रिन्सेस' होती. नव्या देशाच्या नव्या विमानांना ही नावं कुणालाही न खटकता दिली गेली होती, हे आज सांगावं लागतं. १९५४ पासून सुपर कॉन्स्टेलेशन आली, तेव्हा राजकन्या जाऊन राण्या झाल्या: 'रानी ऑफ झाँसी', 'रानी ऑफ एलोरा'.

मलबार प्रिन्सेसचा शेवट वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० ला ती आल्प्समध्ये माँ ब्लां पर्वतावर आदळली, ४८ माणसं गेली. यात आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे प्रवासी कोण होते. बहुतेक सगळे हिंदी खलाशी होते, इंग्लंडमध्ये एका बोटीवर रुजू व्हायला निघालेले. विमानप्रवास म्हणजे राजेरजवाडे आणि शेटजी असं आपण धरून चालतो. कोकणातल्या, मलबारातल्या, गोव्यातल्या किती घरांतून बोटीवर माणसं जात, हे आपल्याला ठाऊक आहे. १९५० मध्येच कंपन्या त्यांना विमानानं नेऊ लागल्या होत्या. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, एअर इंडियाचंच 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर गेलं. त्यात होमी भाभा होते, म्हणून तो अपघात सगळ्यांना माहीत आहे. तिथली हिमनदी वितळते तशी अजून त्या विमानांतली सामग्री वर येते. २०२० मध्ये १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी वाचता येईल अशा अवस्थेत. बर्फानं जितकं जपलं तितकं आपल्या दफ्तरखान्यांनी जपलं असतं तर!

दुसरं विमान 'काश्मीर प्रिन्सेस'. एप्रिल १९५५, इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या देशांची परिषद भरणार होती. चीनच्या शिष्टमंडळातल्या काही जणांना आणि पत्रकारांना घेऊन हे विमान ११ एप्रिलला हाँगकाँगहून जकार्ताकडे निघालं. हाँगकाँगच्या विमानतळावर कुणीतरी त्यात टाइमबॉम्ब ठेवला होता. निशाणा होते पंतप्रधान चाऊ एन-लाय, पण ते त्या विमानात नव्हतेच. समुद्रावर असताना स्फोट झाला. कॅप्टन दामोदर जटार यांनी जळतं विमान पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. एकोणीस जणांपैकी तिघं वाचले: सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर अनंत श्रीधर कर्णिक. जटारांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. कर्णिकांनी पुढे 'काश्मीर प्रिन्सेस' नावाचं पुस्तक लिहिलं. मला यातलं एक वाटतं ते सांगतो. बांडुंगला नेहरू, नासर, सुकार्णो, चाऊ एन-लाय एकत्र आले, त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या परिषदेसाठी मेलेला माणूस मराठी होता आणि समुद्रात पोहून जगलेला त्याचा इंजिनिअरही मराठी होता, हे शाळेच्या कुठल्या पुस्तकात मी अजून पाहिलेलं नाही.

१९६० च्या सुरुवातीला एअर इंडियाची बोइंग ७०७ आली. पंख्याच्या विमानांचे दिवस संपले. सुपर कॉन्स्टेलेशनचं काय करायचं? ती १९६१-६२ मध्ये हवाई दलाला दिली गेली, पुण्याच्या लोहगाव तळावरच्या सहाव्या स्क्वाड्रनला. त्या वेळी हवाई दलाचे प्रमुख होते एअर मार्शल अस्पी इंजिनिअर. अबुकीरला ज्या पोराला जेआरडींनी स्पार्क प्लग दिले, त्याच्या दलाला तीस वर्षांनी जेआरडींच्या कंपनीची विमानं मिळाली. लांब उडायची ताकद असल्यानं हवाई दल ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरायचं. १९७६ मध्ये हे काम नौदलाकडे गेलं, आणि विमानंही गेली, गोव्यात दाबोळीला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती थकली. बाकीची मोडीत निघाली.

एक राहिलं.

दाबोळीहून बोगमाळोच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये उघडलेलं. तिथल्या मोकळ्या मैदानात सी हॉक, अलिझे, सीलँड अशा लहान विमानांच्या मधोमध ते सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. रंग नौदलाचा आहे, पण जन्म एअर इंडियातला. शाळेची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा मी ते पाहिलं. मुलं लढाऊ विमानांकडे धावली. मी याच्याभोवती चक्कर मारत राहिलो. पंखांचा पसारा ३७ मीटरांच्या वर. पोट सरळ नळीसारखं नाही, माशासारखं हलकेच वाकलेलं. आणि मागं त्या तीन शेपट्या. एकच उंच शेपटी लावली असती तर ते त्या काळच्या हँगरमध्ये शिरलं नसतं, म्हणून उंचीची तीन तुकड्यांत वाटणी केली. सौंदर्य म्हणून लोक जे पाहतात ते दाराच्या मापामुळे आलेलं आहे.

इंजिनं चार. प्रत्येकात १८ सिलिंडर आणि सुमारे ५५ लिटर क्षमता. आमच्या बड्डीचं इंजिन १०८९ सीसीचं. म्हणजे त्या विमानाच्या एका इंजिनात पन्नास फियाटी मावतात आणि चारांत दोनशे. कारखानदारांना हा हिशेब सांगितला तर ते बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "आणि तरी ते भंगारात गेलं, आणि आमची बड्डी उभी आहे."

ही जागासुद्धा साधी नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्याची कारवाई झाली, तेव्हा दाबोळीच्या धावपट्टीवर १८ तारखेला पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले. विमानतळावर दोन प्रवासी विमानं उभी होती. एक पोर्तुगीज इंडियाच्या स्वतःच्या विमान कंपनीचं डीसी-४, दुसरं पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं, आणि ते कॉन्स्टेलेशन जातीचंच होतं. ती दोन्ही वाचली. पोर्तुगीजांनी घाईघाईनं धावपट्टीचा काही भाग दुरुस्त केला, अधिकाऱ्यांची बायकामुलं त्यांत बसवली आणि रात्रीच्या अंधारात, दिवे न लावता, समुद्रालगत खालून उडवत कराचीला नेली. ज्या धावपट्टीवरून तीन शेपट्यांचं एक विमान पळून गेलं, तिच्याच शेजारी तीन शेपट्यांचं दुसरं विमान आज प्रदर्शनाला उभं आहे.

बाकी देशात कुठे काय उरलंय ते थोडक्यात. बिजू पटनायकांच्या कलिंग एअरलाइन्सचं एक डाकोटा कलकत्त्याच्या विमानतळावर वर्षानुवर्षं सडत होतं, ते जानेवारी २०२३ मध्ये सुटं करून ट्रकांवरून भुवनेश्वरला नेण्यात आलं. याच पटनायकांनी १९४७ मध्ये डच वेढ्यातून इंडोनेशियाचे सुतान शहरीर यांना विमानानं बाहेर काढलं होतं. हवाई दलाकडे 'परशुराम' नावाचं उडतं डाकोटा आहे, २०१८ मध्ये इंग्लंडहून आणलेलं. ही डाकोटा विमानं, एक किंवा दोन शेपट्यांचा प्रश्नच नाही, तिथं आमच्या अब्बांची साक्ष लागू पडत नाही. विमान पाहिजे तर गोव्यातलंच.

मोटारींचं बरं आहे असं समजू नका. मुंबईत रोज दिसणारी प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली. चालकांमध्ये आपले किती लोक होते हे सांगायला नको. त्या टॅक्सीनं किती घरं चालवली, आणि एखादी तरी गाडी नीट पुसून, माहितीची पाटी लावून कुणी ठेवली का, असं विचारलं तर लोक 'फोटो आहे की मोबाइलमध्ये' म्हणतात. आमच्याकडेच पाहा. हजला जाणाऱ्यांची मोगल लाईन. कंपनीचा उगम १८७७ चा. अकबर, मोहम्मदी, मुझफ्फरी या बोटींची नावं भिवंडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, डोळे भरून येतात. १९९५ ला समुद्रमार्गे हज बंद झाला. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातून निघून गोदीपर्यंत चालत गेलेली ती गर्दी, पिंपं, पेट्या, गळ्यातले हार. त्या बोटींतली एकही बोट राहिली नाही. मोडून पत्रा झाला. त्याचं दुःख फारसं कुणी केलं नाही, कारण विमान आलं होतं आणि सात-आठ दिवसांचा प्रवास पाच तासांवर आला होता. मीही तक्रार करणार नाही. माझ्या नानींना बोटीत जे ओकाऱ्यांचे हाल झाले ते मी ऐकलेत. पण एका बोटीचं सुकाणू, एक घंटा, प्रवाशांच्या यादीचं एक रजिस्टर हज हाऊसच्या तळमजल्यावर काचेत ठेवायला कितीसा खर्च आला असता?

भिवंडीला भंगार शिकवायची गरज नाही. साधे माग किलोवर जाताना आम्ही पाहिलेत. ज्या मागावर बापानं आयुष्य काढलं तो मुलगा तराजूत टाकतो, कारण जागेचं भाडं मागाच्या कमाईपेक्षा जास्त येतं आणि गोदामवाला रोकड देतो. यात मुलगा वाईट नसतो. बड्डीलाही तसंच गिऱ्हाईक आलं होतं. कारखानदारांच्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं की चार भावांची वाटणी आहे, गाडी उभी असलेली जागाच लाखांची आहे, गाडी विकून टाका. हे भांडण वर्षभर चाललं. शेवटी ठरलं की गाडी चालू होऊन रस्त्यावर आली तर ठेवायची, नाही तर काढायची. म्हणून तो दोन वर्षांचा खर्च. आणि म्हणून फोटो. चारही भावांच्या घरात तो लावायचा आहे, अब्बांच्या गोष्टीसकट, म्हणजे पुन्हा कुणी गिऱ्हाईक आणणार नाही.

कागदाची अडचण मात्र आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या मोटारींचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नोंदणी दहा वर्षांची असते. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरती रस्त्यावर. व्हिंटेजचा शिक्का घेतला तर इभ्रत वाढते आणि गाडी भंगारापासून वाचते, पण ईदच्या दिवशी आप्पाजानला घ्यायला पाठवता येत नाही. शिक्का नाही घेतला तर दर खेपेला फिटनेस आणि पर्यावरण कर. कारखानदार अजून दोन्हीच्या मध्ये अडकलेत. माझं मत विचारलं तर मी सांगितलं, आधी चालत्या गाडीच्या कागदावर गोवा करा, मग शिक्क्याचं बघा.

रस्ता सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मेस्त्री म्हणतो कोकणातून नको, घाटात इंजिन तापेल. कारखानदार म्हणतात कोकणातूनच, कारण मामू महाडचे. पावसाळा संपल्यावर निघायचं ठरलंय. गाडी थेट विमानाच्या पंखाखाली उभी करायची तर नौदलाची लेखी परवानगी लागेल, म्हणून संग्रहालयाच्या नावानं अर्ज मी लिहून दिला आहे. मराठीत नको, इंग्रजीत लिहा म्हणाले. लिहिला. गाडीचं वर्ष, तिचा नंबर, विमानाची जात, आणि त्या दोघांची सांताक्रूझला भेट झाल्याचा उल्लेख, सगळं त्यात आहे. मामूंचं नाव घालायचं राहिलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं खाली उर्दूत लिहिलं.